दुधाच्या दातांसाठी फ्लोराइड किती असावं?

'दुधाचे दात पडणारच, मग टूथपेस्टमध्ये फ्लोराइड कशाला?' हे मला पटत नाही. मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात आणि नव्या दातांसाठी जागा राखून ठेवतात. त्यांचं एनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, कायमच्या दातांपेक्षा पातळ असल्यानं कीड लवकर आत पोचते.

पाकिटावरचं कार्टून बघू नका, फ्लोराइडचा आकडा वाचा. मुलांच्या काही पेस्टमध्ये तो जेमतेम ५०० पीपीएम (दहा लाख भागांत ५०० भाग) असतो, काहींमध्ये शून्य! कीड रोखण्याचा भक्कम पुरावा आहे तो १००० पीपीएम आणि त्यापुढच्या पेस्टचा. आम्लामुळे एनॅमलमधून निघून गेलेली खनिजं परत बसवायला फ्लोराइड मदत करतं, पण त्यासाठी ते रोज, दोन वेळा, दातांवर राहायला हवं. म्हणून घासून झाल्यावर थुंकायला सांगा, खळखळून चूळ नको.

मूल पेस्ट गिळतं ही भीती खरी आहे. हिरडीत तयार होणाऱ्या कायमच्या दातांवर जास्त फ्लोराइडमुळे पांढरे डाग येऊ शकतात. पण त्यावर उपाय पेस्टचं प्रमाण कमी ठेवणं हा आहे: तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, त्यानंतर सहापर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर पेस्ट दाखवतात ते पाहून मला खरंच राग येतो. आणि पेस्ट ब्रशवर मोठ्यांनीच लावावी.