मेडिकल कॉलेजने सांगितलं काय आणि मिळालं काय? (अनुभव धागा)

शेवंती

माझ्या भावाच्या मुलीला नीटमध्ये बरे मार्क पडलेत. सरकारी कॉलेज मिळण्याइतके नाहीत, पण राज्याच्या फेऱ्यांमधून खासगी कॉलेजात नंबर लागेल असं दिसतंय. रविवारी भाऊ आला तो चार माहितीपुस्तिका घेऊनच. गुळगुळीत कागद, हिरवळ, पांढऱ्या कोटातली हसरी मुलं. '७५० खाटांचं सुसज्ज रुग्णालय', 'अनुभवी अध्यापकवर्ग', 'पहिल्या वर्षापासून रुग्णांशी संपर्क'. वहिनी म्हणाली, "वन्सं, तुमच्या लेकीचं झालंय ना एमबीबीएस, मग यातलं खरं काय ते तुम्हीच सांगा."

मला सांगता येईना. २०१७ साली लेकीच्या प्रवेशाच्या वेळी आम्हीही असंच कॉलेज बघायला गेलो होतो. मुलांच्या सरावासाठी माणसाएवढे पुतळे ठेवलेली एक एसी लॅब आम्हाला दाखवली. पुतळ्याची छाती श्वास घेतल्यासारखी वरखाली होत होती. मी तिथेच मनातल्या मनात प्रवेश नक्की करून टाकला. साडेचार वर्षांत ती खोली लेकीच्या बॅचसाठी दोनदा उघडली. सलाईन लावायला तिला शिकवलं ते इंटर्नशिपमध्ये रात्रपाळीच्या एका सिस्टरने, आधी तीन वेळा स्वतः लावून दाखवून.

भाऊ फीसाठी प्लॉट विकायला काढतोय. म्हणून विचारते. ज्यांनी शिकलंय, शिकवलंय, फी भरलीय त्यांनी लिहा. कॉलेजची नावं नकोत. बघायचं कशाकडे, ते कळायला हवंय. चांगलं असेल तेही जरूर लिहा.

गोदाकाठ

मी खासगी कॉलेजात इंटर्न आहे, मार्चमध्ये संपेल.

ताई, खाटांच्या आकड्यावर जाऊ नका. १५० जागांच्या कॉलेजला नियमानेच सहाशेच्या वर खाटा लागतात, त्यामुळे खाटा सगळीकडे असतात. आमच्याकडेही आहेत, गाद्या-चादरींसकट. त्यांवर माणसं नव्हती. तिसऱ्या वर्षी मेडिसिनच्या पोस्टिंगला आम्ही पंचवीस जण एकाच आजोबांच्या कॉटभोवती उभे राहायचो. त्यांना दम्यासारखा जुना आजार. एकदा दहा-बारा जणांनी छाती तपासल्यावर ते म्हणाले, "बाळांनो, आता पुरे करा, मला धाप लागते." माझा नंबर पुढचा होता. मी स्टेथो खिशात ठेवला.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या तपासणीच्या आठवड्यात मात्र वॉर्ड भरायचे. गावोगावहून बस यायच्या, बाहेर मोफत शिबिराचा फलक, दोन वेळचं जेवण. केसपेपरवर आजार कोणता लिहायचा ते आम्हाला सांगितलेलं असायचं. एक बाई मला म्हणाल्या, "पोरी, मला पोटाचं काही नाही गं, पण डोळ्यांनी कमी दिसतंय, ते कुणी बघंल का?" मी डोळ्यांच्या विभागात जाऊन विचारून आले, तोवर त्यांची बस निघून गेली होती. चार वर्षं झाली, मला अजून त्या बाई आठवतात.

विद्यावेतन दर महिन्याला खात्यात जमा होतं आणि आठवड्याभरात कुठल्या तरी शुल्काच्या नावाने परत भरायला लावतात. सही आमचीच असते.

खरं शिकले ती पीएसएमच्या (सामाजिक आरोग्य विभागाच्या) पोस्टिंगमध्ये, ग्रामीण रुग्णालयात. तिथले मेडिकल ऑफिसर एकटे, समोर दीडशेची ओपीडी. पहिल्याच दिवशी म्हणाले, "बस माझ्या शेजारी." टाके घालणं, विंचूदंश, कुत्रा चावल्यावरची इंजेक्शनं, पाच प्रसूती. कॉलेजात साडेचार वर्षांत मी प्रसूती बघितली होती, तीही चार मुलींच्या खांद्यावरून.

एक बाप

फीबद्दल लिहितो, कारण त्यात मी पोळलोय.

खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती संकेतस्थळावर असते. ती आधी बघा. आमच्या पुस्तिकेत तीच छापली होती, ते खरंच होतं. पण प्रवेशाच्या दिवशी खिडकीवर दुसरा कागद मिळाला. वसतिगृह सक्तीचं, मेस सक्तीची, अनामत, ग्रंथालय, जिमखाना, 'इतर'. आमचं घर कॉलेजपासून चार किलोमीटरवर, तरी वसतिगृह सक्तीचं. पुढे कळलं की कोर्स साडेचार वर्षांचा असला तरी फी पाच वर्षांची मागतात. काही रक्कम रोख मागितली, तेव्हा मी पावती मागितली. कारकून म्हणाला, "साहेब, मुलाचं वर्ष महत्त्वाचं की पावती?" मी पैसे ठेवून आलो. कॅपिटेशन फी, म्हणजे ठरलेल्या फीवर जादा पैसे, घेण्याविरुद्ध आपल्या राज्यात १९८७ पासून कायदा आहे, हे मला माहीत होतं. माहीत असूनही ठेवून आलो. मुलगा शेजारी उभा होता, कागदपत्रांची फाइल छातीशी धरून.

शेवंतीताई, एक महत्त्वाचं. २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी गटातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. अट अशी की प्रवेश राज्याच्या केंद्रीभूत फेऱ्यांमधून हवा. व्यवस्थापन कोट्याला आणि अभिमत विद्यापीठांना हे लागू नाही. तुमची भाची यात बसते का ते प्लॉट विकायच्या आधी बघा.

पावसाळी

अभिमत म्हणजे डीम्ड ना? तिथेही प्राधिकरणच फी ठरवतं का?

एक बाप

नाही. त्यांची फी त्यांचीच. बऱ्याच ठिकाणी वर्षाला वीस लाखांच्या पुढे आहे.

पाचवा मजला

सरकारी कॉलेज, मुंबई. उलट बाजू सांगतो.

आम्हाला कुणी कसलं वचन दिलं नव्हतं. पुस्तिकाच नव्हती. दोघांच्या खोलीत चौघं, पावसाळ्यात छताखाली बादली, मेसचं पाणी पिऊन पहिल्या वर्षी तिघांना कावीळ. लेक्चर घेणारे सर मोठे होते, पण वॉर्डात आम्हाला शिकवलं ते निवासी डॉक्टरांनी, तेही स्वतः छत्तीस तास जागे असताना. इंटर्नशिपमध्ये मी सहा महिने रक्त काढलं, नमुने पळवले, स्ट्रेचर ढकललं. कित्येकदा वाटलं की आपण डॉक्टर व्हायला आलोय की हमाली करायला.

पण पेशंट! एका पावसाळ्यात लेप्टो, डेंगी, मलेरिया, सगळं एकाच वॉर्डात. खाट संपली की गादी जमिनीवर. टीबीचा मेनिंजायटिस मी पुस्तकात वाचायच्या आधी बघितला. आज एका ग्रामीण रुग्णालयात बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्ष करतोय. रात्री दोनला कुणी विष प्यायलेला माणूस आणला तर हात थांबत नाहीत. ते हात त्या गळक्या इमारतीने दिलेत.

मात्र सगळी सरकारी कॉलेजं अशी नसतात. २०२४ मध्ये राज्यात दहा नवी सरकारी कॉलेजं एकाच वर्षी सुरू झाली. माझी मावसबहीण अशाच एका नव्या कॉलेजात आहे. पेशंट भरपूर, कारण जिल्हा रुग्णालय जुनं आहे. पण कित्येक महिने एका विषयाला शिकवायलाच कुणी नव्हतं, मुली यूट्यूबवर बघून पाठ करायच्या. सरकारी म्हटलं की डोळे झाकून घ्या, असं मी आता कुणाला सांगत नाही.

इसिक कूल

मी किर्गिझस्तानात, बिश्केकला शिकले. २०१८ ते २०२४.

पुण्यातल्या एका हॉटेलात सेमिनार होता. "पूर्ण इंग्रजी माध्यम, भारतीय मेस, एफएमजीईची तयारी मोफत." (एफएमजीई म्हणजे परदेशात शिकलेल्यांना परत आल्यावर द्यावी लागणारी परीक्षा.) यातलं एकही वाक्य सरळ खोटं नव्हतं, म्हणूनच फसायला झालं. लेक्चर इंग्रजीत होती. पण वॉर्डातली आजी इंग्रजी बोलत नाही, तिला रशियन किंवा किर्गिझच कळणार. रुग्णाची हिस्ट्री घेता आली नाही तर पुढे काय तपासणार? मी हट्टाने रशियन शिकले. "ग्द्ये बलीत?" म्हणजे "कुठे दुखतंय?" हे मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्या आजीने माझा हात धरून स्वतःच्या पोटावर ठेवला. माझ्या बॅचमधल्या बहुतेकांना हे शेवटपर्यंत जमलं नाही. ते वॉर्डात मागे उभे राहून फोटो काढायचे. त्यांचाही दोष म्हणवत नाही, भाषा लागेल हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मेस भारतीय होती, वरण-भात मिळायचा. एफएमजीईची मोफत तयारी म्हणजे रेकॉर्ड केलेले व्हिडिओ.

२०२० मध्ये कोविड आला, मी संगमनेरला घरी. अंगणातल्या खाटेवर बसून सर्जरीचे ऑनलाइन वर्ग. ते वर्ग नंतर प्रत्यक्ष भरून काढले असं विद्यापीठाचं पत्र इथल्या वैद्यकीय आयोगाला लागलं, त्यासाठी दोन महिने ईमेल करत होते. आणि मे २०२४ मध्ये, माझी शेवटची परीक्षा तोंडावर असताना, शहरात परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर जमाव चालून आला. आम्ही सात मुली एका खोलीत, दाराला कपाट लावून, दिवा बंद. आईचा फोन वाजत होता आणि आवाज होईल म्हणून मी उचलत नव्हते.

परत आल्यावर एफएमजीई. ३०० पैकी १५० लागतात. २०२४ च्या जूनच्या सत्रात पाचातला जेमतेम एक जण पास झाला होता. मी दुसऱ्या प्रयत्नात १६१ वर पास झाले. आता जिल्हा रुग्णालयात इंटर्न आहे आणि समाधानी आहे.

आता कुणी जाणार असेल तर आयोगाचे परदेशी पदवीबद्दलचे १८ नोव्हेंबर २०२१ चे नियम छापून हातात ठेवा. किमान ५४ महिन्यांचा कोर्स, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, इंग्रजी माध्यम, त्या देशात डॉक्टर म्हणून नोंदणीची पात्रता, आणि परत आल्यावर इथली वेगळी इंटर्नशिप. एजंटला प्रत्येक मुद्द्यावर लेखी उत्तर मागा. पहिल्या दोन प्रश्नांनंतर फोन उचलणं बंद झालं, तर तेच उत्तर समजा.

गोदाकाठ

इसिक कूल, कपाट लावलेली ती रात्र वाचून अंगावर काटा आला. तू भेटलीस तर आवडेल, मीही नाशिककडचीच.

वर्धेची

चांगलं लिहा म्हणालात म्हणून लिहिते. मी सेवाग्रामची, १९९०च्या दशकातली. हे कॉलेज डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली सुरू केलं. आम्हाला दिलेली वचनं कमी आणि आमच्याकडून घेतलेली जास्त. खादी घालायची, शाकाहार, श्रमदान. सुरुवातीलाच गांधीजींच्या आश्रमात शिबिर. झाडू हातात धरून पहाटे अंगण झाडताना मला रडू आलं होतं.

प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते आणि प्रत्येकाच्या वाट्याला काही कुटुंबं येतात. माझ्या कुटुंबातल्या सुनेला बाळंतपणाआधी पंडुरोग होता. मी अठरा वर्षांची, मला फक्त पापणी ओढून फिकेपणा बघता येत होता. तेवढं बघितलं आणि सरांना सांगितलं. नंतर बाळ झाल्यावर त्यांनी कस्तुरबा रुग्णालयात मला बोलावून घेतलं आणि बाळ माझ्या हातात दिलं. 'पहिल्या वर्षापासून रुग्णांशी संपर्क' म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. आता कुटुंब दत्तक घेण्याचा कार्यक्रम देशभरच्या कॉलेजांत सक्तीचा आहे. शेवंतीताई, तुमच्या यादीतल्या कॉलेजांतल्या मुलांना एवढंच विचारा, "तुझं कुटुंब कुठल्या गावात, त्यांच्या घरी शेवटचा कधी गेलास?"

हाडांची पेटी

मी शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक. पंचवीस वर्षं शिकवलं. हे लिहावं की नाही यात चार दिवस गेले.

निवृत्तीनंतर एका खासगी कॉलेजात मी नाव दिलं. पगार दरमहा, जाणं फक्त तपासणीपुरतं. कोट घालून रांगेत उभं राहायचं, कागदपत्रं दाखवायची, संध्याकाळच्या गाडीने परत. दोन वर्षं हे केलं. पुस्तिकेत 'अनुभवी अध्यापकवर्ग' या शीर्षकाखाली माझा फोटो होता. तो बघून प्रवेश घेतलेल्या मुलांना मी एक हाडसुद्धा हातात देऊन शिकवलेलं नाही. त्यांतलं कुणी हे वाचत असेल तर मी त्यांची माफी मागतो.

पुढे आधारची बायोमेट्रिक हजेरी आली, २०२५ पासून चेहऱ्यावरून हजेरी आली. त्याच वर्षी तपासण्यांमधल्या लाचखोरीबद्दल सीबीआयने गुन्हाही नोंदवला. थोडं सुधारेल. पण माणूस हजर असणं आणि त्याने शिकवणं यात अंतर असतं, ते मशीन मोजत नाही.

प्राचार्यांच्या खोलीत बसून चहा घेऊ नका. पहिल्या वर्षाच्या मुलांना विचारा, डिसेक्शनच्या टेबलाभोवती किती जण असतात आणि तुझ्या हातात स्काल्पेल कितीदा आलं. सगळ्या विभागांत पदव्युत्तर विद्यार्थी आहेत का ते बघा, कारण निवासी डॉक्टर नसतील तर रात्री वॉर्डात कुणीच नसतं. आणि साध्या कामाच्या दिवशी, न कळवता, अकरा वाजता ओपीडीत जा. केसपेपरच्या खिडकीवर दहा रुपये देऊन स्वतःचा पेपर काढा. त्यावर त्या दिवसाचा क्रमांक असतो.

शेवंती

सर, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. तुम्ही लिहिलंत म्हणून आम्ही गेलो.

काल बुधवार. भाऊ, भाची आणि मी, दोन कॉलेजं. पहिल्या ठिकाणी पावणेबाराला पोचलो. पुस्तिकेत ७५० खाटा आहेत तेच. खिडकीवर गर्दी नव्हती. भावाने गुडघेदुखी सांगून पेपर काढला, क्रमांक ६२. वरच्या मजल्यावर स्त्रियांच्या वॉर्डात चादरी कडक इस्त्रीच्या, एकावरही सुरकुती नाही. भाची दारातच थांबली.

दुसरं कॉलेज तालुक्याच्या गावाजवळ, इमारत जुनी, पुस्तिका साधी, आम्ही तिला यादीत शेवटी ठेवलं होतं. रांग फाटकापर्यंत. भावाचा क्रमांक ५१७ आणि वाजले होते सव्वा. एका इंटर्न मुलीला भाचीने वर्धेच्या ताईंचा प्रश्न विचारला. तिने गावाचं नाव सांगितलं, घरातल्या म्हातारीचं नावही सांगितलं, आणि म्हणाली, "शनिवारी गेले होते, तिची शुगर वाढलीय." वसतिगृह बघितलं, ते खरंच वाईट आहे. भाचीने संडास बघून तोंड वाकडं केलं, पण काही बोलली नाही.

एक बाप, उत्पन्नाचा दाखला आजच तहसीलमध्ये टाकलाय. पसंतीक्रम भरायची मुदत परवापर्यंत आहे. भाचीने ते दुसरं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकलंय आणि भाऊ अजून वहिनीची समजूत घालतोय, तिला संडासाचीच काळजी वाटतेय. पाचवा मजला, कावीळ होऊ नये म्हणून पाण्याचं काय करायचे तुम्ही लोक, ते तेवढं लिहा.