ड्रेस्डेनला शिकायला चाललेय – फिरायचं कुठे आणि तिथली माणसं भेटतात तरी कशी?

हळद_सांगलीची:

नमस्कार मंडळी, सप्टेंबरच्या शेवटी मास्टर्ससाठी ड्रेस्डेनला चाललेय, दोन वर्षं. व्हिसा आला, ब्लॉक्ड अकाउंट झालं, आईने मेतकूट, भाजणी, गोडा मसाला असा पाच किलोचा ढीग काढून ठेवलाय आणि त्यात रोज भर पडतीये. ॲडमिशन, हॉस्टेल, इन्शुरन्स यावरचे जुने धागे वाचलेत, ते नको. माझा प्रश्न वेगळाय.

माझी मावसबहीण दोन वर्षं जर्मनीत राहून आली. तिला विचारलं तिकडचे लोक कसे असतात गं, तर म्हणाली काय माहीत, आम्ही सहाजणी होतो त्या सगळ्या पुण्याच्याच. फोटो मात्र पॅरिस, रोम, ॲमस्टरडॅम सगळीकडचे आहेत. मला ते नकोय. म्हणजे पॅरिस हवंच आहे :) पण ज्या गावात दोन वर्षं राहणार तिथली चार माणसं नावानिशी ओळखीची व्हावीत एवढी इच्छा आहे. महिन्याला ९९२ युरोत सगळं भागवायचंय, त्यामुळे खर्चिक काही सांगू नका. जर्मन ए-टू झालंय, म्हणजे बटाटे विकत घेता येतात, गप्पा मारता येत नाहीत. आणि खरं सांगायचं तर पूर्व जर्मनीबद्दल जे काय वाचलंय त्याने बाबांना जरा धास्ती आहे, त्यावरही कोणीतरी खरंखरं लिहा.

एल्बेकाठी:

अभिनंदन! सहा वर्षं झाली इकडे, त्यामुळे जरा लांबण लावतो.

आधी तिकीट. तुझ्या सेमिस्टर फीमध्येच डॉइचलँड सेमिस्टरटिकेट येतंय का ते बघ, २०२४ च्या उन्हाळी सेमिस्टरपासून हे सुरू झालं, साध्या डॉइचलँडटिकेटच्या ६० टक्के दरात पडतं आणि देशभरच्या ट्राम, बस आणि रीजनल गाड्या त्यात बसतात. आपल्या भाषेत सांगायचं तर पॅसेंजर चालते, एक्सप्रेस नाही. चुकून आयसीई एक्सप्रेसमध्ये चढू नकोस, टीसी ऐकून घेत नाही. या एका तिकिटावर पहिल्या वर्षी इतकं बघून होतं की पॅरिस आपोआप मागे पडतं.

आता माणसं. इथे कोणी येऊन "काय गं, कुठली तू" असं विचारणार नाही. ट्राममध्ये शेजारी बसलेला बाबा अर्धा तास खिडकीबाहेर बघत बसेल. पहिले सहा महिने मला वाटायचं आपल्याला टाळतायत, नंतर कळलं की एकमेकांशीही तसेच वागतात. इथे ओळख होते ती काहीतरी एकत्र करताना, आणि तेही दर आठवड्याला, त्याच वारी, त्याच वेळेला. त्यासाठी यांनी फेराइन नावाची भानगड काढून ठेवलीये. गाणाऱ्यांचं मंडळ, बुद्धिबळवाल्यांचं मंडळ, ससे पाळणाऱ्यांचंसुद्धा मंडळ असतं, रजिस्टर केलेलं, खजिनदारासकट. आपल्या गणपती मंडळासारखंच, फक्त मीटिंग वेळेवर सुरू होते. तू युनिव्हर्सिटीच्या हॉखशूलश्पोर्टपासून, म्हणजे खेळाच्या कोर्सेसपासून, सुरुवात कर, अगदी थोड्या पैशात सेमिस्टरभराचा कोर्स मिळतो, पण नोंदणी उघडली की भराभर जागा संपतात, गजर लावून बस.

दुसरं म्हणजे ड्रेस्डेनचे स्टुडंट क्लब. हॉस्टेलच्या तळघरात वगैरे असतात आणि मुलंमुलीच फुकट राबून चालवतात. तिथे गिऱ्हाईक म्हणून गेलीस तर बिअर मिळेल, काउंटरमागे उभी राहिलीस तर मित्र मिळतील. मी दोन वर्षं गुरुवारी ग्लास विसळले, माझं निम्मं जर्मन त्या बेसिनपाशी सुधारलं.

आणि एक शब्द आत्ताच पाठ कर: नू. मी पहिल्याच आठवड्यात स्टॉपवर एका आजोबांना विचारलं, ही ट्राम नॉयश्टाटला जाते का, ते म्हणाले "नू". मी समजलो नो. ट्राम सोडली. पुढची आली, परत विचारलं, परत "नू", आता जरा मोठ्याने. तिसऱ्या ट्रामला त्यांनी मला दंडाला धरून आत चढवलं. सॅक्सनीत, म्हणजे ड्रेस्डेन ज्या राज्यात आहे तिथे, नू म्हणजे हो.

कातळवेडा:

वरच्या दादांनी सॅक्सन स्वित्झर्लंडचं, म्हणजे ड्रेस्डेनजवळच्या डोंगराळ भागाचं, नावच काढलं नाही, हे काय चाललंय!!

ताई, तू ट्रेक करतेस का माहीत नाही पण ड्रेस्डेनच्या मुख्य स्टेशनवरून एस-वन लोकल पकडायची, एल्बे नदीच्या काठाकाठाने पाऊण तासाच्या आत राथेन. उतरलं की नदी ओलांडायला फेरीबोट. या बोटीला इंजिनच नाही, लांब तारेला बांधलेली आहे आणि नदीच्या प्रवाहाच्या जोरावर तिरकी सरकत पलीकडे जाते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा वर जायचं सोडून चार वेळा इकडून तिकडे केलं. मग चढण, आणि वर बास्टाय, एल्बेपासून १९४ मीटर उंच, वालुकाश्माचे सुळके आणि त्यांना जोडणारा १८५१ चा दगडी पूल. दुपारी अकरानंतर तिथे जत्रा असते. सकाळी सातच्या आसपास पोचलीस तर ऑक्टोबरमध्ये खाली दरीत धुकं भरलेलं असतं आणि फक्त सुळक्यांची डोकी वर, अगदी हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभं राहिल्यासारखं.

माणसांसाठी इथलं क्लाइंबिंग बघ. या लोकांचे नियम विचित्र कडक आहेत: हाताला खडूची पूड लावायची नाही, फटीत धातूचं काही अडकवायचं नाही, दोरीला गाठ मारून ती गाठच फटीत बसवायची. कारण दगड मऊ आहे, झिजतो. शंभर वर्षांहून जुनी पद्धत आहे आणि त्याचा त्यांना फार अभिमान आहे, म्हणजे एखाद्या सॅक्सन क्लाइंबरला "हे असं का" एवढंच विचार आणि पुढचा तास तुला बोलायची गरज नाही, फक्त ऐकायचं. माझी जर्मनची तोंडी परीक्षा तशीच पास झाली.

रात्री कपारीत झोपायची पण प्रथा आहे, बोफेन म्हणतात, आपण गडावरच्या गुहेत पथारी टाकतो तसंच. फक्त ठरवून दिलेल्या जागीच चालतं, वर्षातले काही महिने बंद असतं आणि चूल पेटवायची नाही म्हणजे नाही. आधी नॅशनल पार्कच्या साइटवर तारखा बघ, दंड होतो.

पेन्शनर_काका:

आमची लेक तिकडे असल्यामुळे तीन महिने राहून आलो. तरुणांनी डोंगर सांगितले, मी आपला म्हातारा माणूस, म्युझियम सांगतो.

राजवाड्यात ग्रीन व्हॉल्ट म्हणून खजिना आहे, त्यातल्या नव्या भागात एक वस्तू शोधून काढ: औरंगजेबाचा वाढदिवसाचा दरबार. डिंगलिंगर नावाच्या सोनाराने भावांना हाताशी धरून १७०१ ते १७०८ या काळात केला. सोनं, चांदी, मीनाकारी, हजारो हिरे, बोटभर उंचीची शंभराहून जास्त माणसं, हत्ती, उंट, नजराणे आणि वर मधोमध तख्तावर बादशहा. ऑगस्ट द स्ट्राँग या तिथल्या राजाने तो विकत घेतला. डिंगलिंगर कधी हिंदुस्थानात आला नव्हता, प्रवासवर्णनं वाचून केलंय सगळं. म्हणून त्याने दरबार भरवला दिल्लीत.

आता गंमत बघ. ज्या वर्षांत हा सोनार तिकडे बादशहाला दिल्लीच्या तख्तावर बसवत होता त्या वर्षांत खरा बादशहा आपल्या मुलखात किल्ल्यामागून किल्ला फिरत होता, दिल्ली त्याला परत दिसलीच नाही, आणि १७०७ मध्ये नगरजवळ भिंगारला गेला. म्हणजे दरबार पुरा व्हायच्या आतच वाढदिवसाचा मालक संपला. मी काचेपाशी इतका वेळ उभा राहिलो की तिथल्या पहारेकरी बाईंना संशय आला. लेकीला दुभाषी करून त्यांना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, मी रोज याच्याशेजारी उभी असते, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. नंतर मी दोनदा गेलो तर लांबूनच हात करायच्या.

तेव्हा सुश्री हळद, आपल्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असेल तर भाषा अर्धीकच्ची चालते.

झणझणीत_मिसळ:

मी जरा वेगळं लिहिते, राग मानू नका. सगळे असं लिहितायत की क्लब जॉइन केला की झालं. मला नाही जमलं. दुसऱ्या गावात होते, पण जर्मनीतच. टॅन्डम केलं, म्हणजे मी तिला इंग्लिश शिकवायचं तिने मला जर्मन, तीन भेटींनंतर तिला परीक्षा आल्या आणि संपलं. डिसेंबरात दुपारी चारला अंधार, रविवारी दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. त्या दिवसांत मला ज्यांनी सांभाळलं त्या सहा पुण्याच्याच मुली होत्या. त्यामुळे तुझ्या मावसबहिणीला हसू नकोस गं. मराठी ग्रुप ठेव, फक्त आठवड्यातली एक संध्याकाळ त्यांच्याशिवाय ठेव.

ख्रिसमस मार्केटला मात्र जा, तुमच्याकडचं श्ट्रीझलमार्क्ट १४३४ पासूनचं आहे. ग्लूवाइनचा, म्हणजे गरम मसालेदार वाइनचा, मग परत दिला की डिपॉझिट परत मिळतं, मी पहिल्या वर्षी माहीत नसल्याने तीन मग घरी आणले आणि स्वस्त पडले म्हणून खूश होते.

एल्बेकाठी:

@झणझणीत_मिसळ बरोबर आहे तुमचं. माझं पण पहिलं वर्ष असंच कोरडं गेलं, ते लिहायचं राहिलं.

धास्तीबद्दल: ड्रेस्डेनमध्ये २०१४ साली पेगिडा हे स्थलांतरितांविरुद्धचं आंदोलन सुरू झालं, सॅक्सनीत उजव्यांना मतं भरपूर पडतात, हे खोटं नाही. मला सहा वर्षांत दोनदा शिव्या पडल्या, दोन्ही वेळेला रात्री उशिरा आणि प्यायलेल्या माणसाकडून. फुटबॉलची मॅच असेल त्या दिवशी चाहत्यांनी भरलेला डबा सोडून दुसऱ्या डब्यात बसतो. मोर्चा असेल तर तो चौक टाळतो. बाकी विद्यार्थ्यांचा भाग आणि नॉयश्टाट एकदम मोकळं वातावरण आहे. बाबांना सांग की पोरगी सांगलीत जेवढी सावध राहते तेवढी राहिली तरी बरंच.

अनुस्वार_हरवला:

एक जागा कोणी सांगितली नाही ती सांगते. गर्लिट्झच्या रीजनल गाडीत बस आणि मध्येच बाउत्सेनला उतर. स्टेशनपासून सगळ्या पाट्या दोन भाषांत दिसतील, बाउत्सेनच्या खाली बुडिशिन. ही सोर्ब लोकांची भाषा, पोलिश-चेकच्या नात्यातली, जर्मनीच्या पोटात साधारण ६० हजार लोकांचा हा समाज उरलाय. ईस्टरला त्यांच्यातले कॅथलिक पुरुष काळे कोट आणि उंच टोप्या घालून सजवलेल्या घोड्यांवरून गाणी म्हणत एका गावाहून दुसऱ्या गावाला जातात. आणि मेणाने नक्षी काढून रंगवलेली अंडी, पिसाच्या टोकाने एकेक ठिपका, बघत राहावं. मी एका बाईंच्या टेबलापाशी बसले, त्यांनी अंडं हातात दिलं, माझं फुटलं, दुसरं दिलं. मी विचारलं घरी कोणती भाषा बोलता, म्हणाल्या नवऱ्याशी जर्मन, आईशी सोर्बियन, नातवाशी दोन्ही, पण तो उत्तर जर्मनमध्येच देतो. मला आमचं ठाण्याचं घर आठवलं.

मग पुढे गर्लिट्झ. युद्धात वाचलेलं गाव आहे, सिनेमावाले शूटिंगला येतात. पादचारी पुलावरून नदी ओलांडली की पोलंड, जेवण स्वस्त. पण पासपोर्ट आणि रेसिडन्स कार्ड दोन्ही बरोबर ठेव, २०२३ पासून त्या सीमेवर तपासणी सुरू आहे, परत येताना विचारतात.

हळद_सांगलीची:

(नोव्हेंबर) धागा वर काढतेय. सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, आता रिपोर्ट.

बास्टाय झालं, सातला नाही पोचले, साडेनऊला पोचले, तरी धुकं मिळालं. काका, औरंगजेब बघितला, हत्तीच्या पायाशी जी बारकी बारकी माणसं वाकलीयेत ती बघून डोळे दुखले. पहारेकरी बाई दुसऱ्या होत्या, सांगायचं धाडस झालं नाही, पुढच्या वेळी. क्लाइंबिंगची नोंदणी तीन मिनिटांत संपली, मला लोकनृत्य मिळालं, त्यात मी आणि अकरा जर्मन, सगळ्यांचे पाय चुकतात.

पण पहिली खरी ओळख झाली ती कुकरमुळे! रविवारी सकाळी वरणभाताचा कुकर लावला, तिसऱ्या शिट्टीला दार वाजलं. खालच्या मजल्यावरच्या आजी. मला वाटलं आता ओरडा, रविवारी आवाज करत नाहीत इथे. तर त्या घाबरल्या होत्या, त्यांना वाटलं गॅस गळतोय. आत बोलावलं, कुकर दाखवला, चौथी शिट्टी त्यांच्यासमोर झाली तेव्हा दोन पावलं मागे सरकल्या. वरण-भात-तूप-लिंबू वाढलं, मेतकूट चाखलं, म्हणाल्या हे ब्रेडवर छान लागेल. दुसऱ्या दिवशी केकचा तुकडा घेऊन हजर, आयरशेके म्हणतात, नावातच अंडं आहे. आमच्याकडे अंडं चालत नाही हे सांगायला जर्मन पुरलं नाही, खाल्ला. आईला सांगू नका.

आता प्रश्न. आजींचा गुरुवारी ७५ वा वाढदिवस आहे आणि मी बुधवारी कॉलेजबरोबर बर्लिनला चाललेय. मंगळवारीच रव्याचे लाडू आणि शुभेच्छा देऊन येऊ का?

एल्बेकाठी:

अजिबात नको!! आधी शुभेच्छा दिल्या की अपशकुन मानतात इकडे, एकदम खरोखर चेहरा पडतो. बर्लिनहून आल्यावर दे. लाडू टिकतात.

हळद_सांगलीची:

नू. लाडू टिकतील हो, रूममेट टिकू देईल का बघते.