मदत हवी आहे : हॅरो-वेम्बलीतल्या बालपणाच्या आठवणींचं साल कसं ठरवावं?

लंडनच्या हॅरो, वेम्बली, केंटन भागात १९६५ ते १९८० दरम्यान वाढलेल्या मराठी मंडळींच्या आठवणी ध्वनिमुद्रित करतो आहोत. ध्वनिमुद्रण नीट होतं: माइक तोंडापासून वीतभर, फ्रिज बंद, फाइल डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारी). अडतं ते सालापाशी. प्रसंग लख्ख आठवतो, वर्ष मात्र दोन-तीनने सरकतं.

शाळेतली दुधाची छोटी बाटली ही भरवशाची खूण, कारण सात वर्षांवरच्या मुलांचं फुकट दूध १९७१ मध्ये बंद झालं. शिलिंगचं (जुन्या ब्रिटिश चलनातलं) नाणं मात्र फसवतं. फेब्रुवारी १९७१ मध्ये दशमान चलन (शंभर पेन्सचा पौंड) आलं, तरी ते जुनं नाणं पाच पेन्स म्हणून १९९० पर्यंत चाललं. म्हणून नाणं नको, खाऊच्या गोळ्यांचा भाव विचारा, जुन्या पेन्समध्ये की नव्या. पत्त्यातलं 'मिडलसेक्स'ही कुचकामी. १९६५ मध्ये ती काउंटी (जिल्ह्यासारखा विभाग) प्रशासनातून गेली, तरी लोक पत्त्यात अजून लिहितात.

सर्वांत मोठा गोंधळ मेणबत्तीच्या उजेडातल्या अभ्यासाचा. फेब्रुवारी १९७२ मधली खाणकामगारांच्या संपातली वीजकपात आणि १९७४ च्या सुरुवातीचा, वीज वाचवण्यासाठी सरकारने लावलेला तीन दिवसांचा कामाचा आठवडा आठवणीत एकमेकांत मिसळतात. हे दोन वेगळे करायला नेमका कोणता प्रश्न विचारावा? आणि १९६५ ते १९७० साठी, दुधाच्या बाटलीइतकी पक्की, मुलांच्या रोजच्या जगण्यातली खूण कोणती? रंगीत टीव्ही सुचवू नका. प्रक्षेपण १९६७ पासूनचं असलं, तरी घरोघरी संच वेगवेगळ्या वर्षी आले.