मदत हवी आहे : इलिनॉयमधली शेती, कोविडची सबसिडी (सीफॅप) आणि आता आलेलं पत्र

कणीसवाला : मंडळी जरा अर्जंट आहे. मी सॉफ्टवेअरवाला, पण आमची इकडे ८० एकर आहे, मका. २०२० ला सीफॅप २ चे (त्या सबसिडीचा दुसरा टप्पा) पैसे मिळाले होते, आता काउंटीच्या एफएसए (कृषी खात्याच्या) ऑफिसातून पत्र, स्पॉट चेक आहे ३० दिवसांत कागद द्या. तेव्हा सगळं फोन-ईमेलवर झालं, कागद कुणी मागितलेच नव्हते! काय काय पाठवू?

धपाटे_लोणी : स्वतः कसता का दिलीये? खंडाने का वाट्याने? खंडाने असेल तर ते पैसे कसणाऱ्याचे, मालकाचे नाहीतच.

कणीसवाला : अर्ध्या वाट्याने. बी-खतही निम्मं माझं. लिहायचं राहिलं.

वावरातला_सीए : मग लीज, बी-खताची बिलं, मका विकायला घातल्याच्या पावत्या, झालं. अर्जात आपण सांगू ते खरं धरलं होतं पण कागद ३ वर्षं ठेवायचे ही अट होतीच. १०९९-जी (सरकारकडून मिळालेल्या पैशांचा टॅक्सचा कागद) आला होता ना? तो टॅक्समध्ये फॉर्म ४८३५ वर (वाट्याने देणाऱ्या मालकाचा) दाखवला का शेड्युल एफ वर (स्वतः कसणाऱ्याचा)?

कणीसवाला : टॅक्स भरलाय हो, तो प्रश्नच नाहीये.

सांगलीकर_७७ : आमच्या भावालापण पीएम किसानची वसुली निघाली, इन्कम टॅक्स भरतो म्हणून. २००० चा एकेक हप्ता मोजून परत केला. आधी ईकेवायसी करून घ्या.

धपाटे_लोणी : अहो ते अमेरिकेत आहेत.

सांगलीकर_७७ : असूद्या की, सरकार सगळीकडं सारखंच.

उगाच_एक : मुळात सॉफ्टवेअरवाल्यांनी शेतकऱ्यांची मदत घ्यायचीच कशाला?

वावरातला_सीए : का नाही घ्यायची? भाव पडला तर तोटा यांचाही. माणशी अडीच लाख डॉलरपर्यंत मिळत होते तिथे यांना किती मिळाले असतील?

कणीसवाला : साधारण अडीच हजार. १६०० च्या वर आधी आले, मग २०२१ मध्ये न मागता ८०० अजून.

धपाटे_लोणी : बरोबर, ते एकरी २० डॉलर नंतर वाढवून दिलेले, तुमच्या वाट्याच्या ४० एकरांचे. पण उगाच_एक यांच्यामुळे आठवलं, २०२० ला व्हिसा कुठला होता?

कणीसवाला : एच१बी. त्याचा काय संबंध? फॉर्मात रेसिडेंट एलियन (इथे राहणारा परदेशी) टिक केलं, टॅक्सला मी रेसिडेंटच आहे.

धपाटे_लोणी : बोंबला. टॅक्सचा रेसिडेंट वेगळा. इथे ग्रीन कार्ड लागतं. नसेल तर जमीन, भांडवल आणि स्वतःची अंगमेहनत, तिन्ही हवं. ट्रॅक्टर कोण चालवतं?

कणीसवाला : तोच, वाटेकरी. मी सुगीला फोटो काढायला जातो 😐

वावरातला_सीए : मग नुसती बिलं पाठवून गप्प बसू नका. स्वतःहून सांगा, चूक झाली, रक्कम परत करतो. लांबवाल तेवढं व्याज. आणि वकिलाला एकदा दाखवा, ग्रीन कार्डची फाईल चालू असेल तर नक्कीच.

उगाच_एक : मी तेच म्हणत होतो.

वावरातला_सीए : तुम्ही अजिबात ते म्हणत नव्हतात.

धपाटे_लोणी : अडीच हजारांचं सोडा. जमीन घेतल्यावर ९० दिवसांत एफएसए-१५३ भरला होता का? ग्रीन कार्ड नसलेल्याने शेतजमीन घेतली की कळवावं लागतं, नाहीतर दंड जमिनीच्या किमतीच्या २५ टक्क्यांपर्यंत जातो.

कणीसवाला : हे काय असतं??

सांगलीकर_७७ : सातबारा कुणाच्या नावावर आहे?