मदत हवी आहे: जेवणानंतरची शुगर आटोक्यात, पण उपाशीपोटीची उतरत नाही (२९वा आठवडा)

नमस्कार. आम्ही कोल्हापूरचे, माझं पहिलंच बाळंतपण. २६व्या आठवड्यात ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी रक्त घेतलं, १६८ आलं. १४० च्या आत हवं होतं. माहेरी-सासरी कुणालाच शुगर नाही, त्यामुळे रिपोर्ट दुसऱ्याच कुणाचा असणार असं मी दोन दिवस सगळ्यांना सांगत फिरले.

डॉक्टर म्हणाले, दोन आठवडे खाण्यावर आणि चालण्यावर बघू. उपाशीपोटी ९५ च्या आत, जेवल्यावर दोन तासांनी १२० च्या आत. जेवणाचं बऱ्यापैकी जमलंय. एक भाकरी, भाताची एकच मूद, उसळ, पालेभाजी, आणि दिवसातून सहा वेळा थोडं थोडं. मिसळ आणली की मटकी माझी, पाव नवऱ्याचा. जेवण झालं की पंधरा मिनिटं गच्चीत, संध्याकाळी अर्धा तास रंकाळ्यावर. चालायचं काही नाही हो, भेळेच्या गाड्यांवरून सरळ पुढं जायचं अवघड.

गुळावरून मात्र घरात वाजलं. सासूबाईंचं (मी आत्याच म्हणते) ठाम मत, साखर वाईट, गूळ घरचा, त्यानं काय होतंय? गुऱ्हाळावरची ढेप कोठीत होतीच. एक दिवस गुळाची पोळी खाल्ली आणि दोन तासांनी त्यांच्यासमोरच बोट टोचलं. १६१. ढेप वरच्या फळीवर गेली.

अडलंय ते सकाळचं. गेले पाच दिवस: १०१, ९८, १०४, ९९, १०२. रात्री साडेसातला जेवते, सकाळी सातला टोचते. १०४ आलं त्या रात्री नुसतं ताक पिऊन झोपले. सकाळी ९९, पण मध्यरात्री हातपाय थरथरले. डॉक्टरांची बोलणी खाल्ली ती वेगळी. गुरुवारपर्यंत उतरलं नाही तर रात्रीचं इन्सुलिन सुरू करणार आहेत. आई म्हणते, एकदा सुई लागली की जन्माची लागली.

झोपताना काय खाल्लं की सकाळचा आकडा उतरतो? आणि रात्रीचं इन्सुलिन कुणी घेतलंय का? बाळाला काही होत नाही ना?

प्रतिसाद १
दोन वर्षांपूर्वी यातूनच गेले. रात्रभर लिव्हर साखर सोडत राहतं आणि वारेतल्या (प्लॅसेंटातल्या) हार्मोन्समुळे आपलं इन्सुलिन तिला पुरं पडत नाही. उपाशी राहून हा आकडा हटत नाही, तो नाद सोडा. मी झोपताना अर्धी भाकरी आणि कपभर बिनसाखरेचं दूध घ्यायचे. चार-पाचनं उतरलं, ९५ च्या खाली काही गेलं नाही. मग इन्सुलिन. ४ युनिटपासून सुरुवात, नवव्या महिन्यात १४. पेनची सुई एवढी बारीक की पहिल्या दिवशी टोचली की नाही तेच कळलं नाही. इन्सुलिन वार ओलांडून बाळाकडे जात नाही. माझं बाळंतपणाच्या दिवशीच बंद झालं. सहा आठवड्यांनी पुन्हा ७५ ग्रॅमची तपासणी केली, नॉर्मल. पुढंही अधूनमधून तपासत राहायला सांगितलंय, तेवढं विसरू नका.

प्रतिसाद २
थरथरलं की अंदाज बांधत बसू नका, तिथल्या तिथं टोचून बघा. ७० च्या खाली असेल तर लगेच साखरपाणी, आणि डॉक्टरांना फोन. दुसरं, टोचण्याआधी हात साबणानं धुऊन कोरडे करता ना? बोटाला केळ्याचा चिकटा होता म्हणून मला एकदा १३० दिसलं होतं. टोचायचं बोटाच्या कडेला, मधोमध दुखतं.

धागाकर्ती
दोघींचे आभार. मी मधोमधच टोचत होते! काल झोपताना अर्धी भाकरी आणि दूध घेतलं, आज ९७. म्हणजे बहुतेक सुई येणारच. आत्यांना पेन बघायचंय, गुरुवारी त्याही सोबत येणार आहेत.