‘ऋणबिंदू’ : स्वतंत्र नोंद करावी का?

प्रश्न : पुण्यात आम्ही काही जण हौसेने गणितविषयक ज्ञानकोशाच्या नोंदी लिहीत आहोत. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देतात. या खुणेची ‘ऋणबिंदू’ या नावाने स्वतंत्र नोंद करावी, असे एका सहकाऱ्याचे म्हणणे आहे; आज ती कोणीच वापरत नसल्याने ‘बीजगणित’ या नोंदीत दोन ओळी पुरेत, असे दुसऱ्याचे. जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद : आधी शीर्षकाबद्दल. भास्कराचार्यांचा शब्द ‘ऊर्ध्वबिंदू’ असा आहे, तेव्हा ज्ञानकोशाने नवे नाव पाडण्याचे कारण नाही. खूण वापरातून गेली, हा आक्षेप मात्र मला मुळीच मान्य नाही. त्यांचे घोड्यांचे उदाहरण घ्या : एकाजवळ ६ घोडे आणि ३०० रूपे, दुसऱ्याजवळ तेवढ्याच किमतीचे १० घोडे आणि १०० रूपे कर्ज, दोघांचे धन समान, तर एका घोड्याची किंमत किती? मांडणी अशी :

या ६ रू ३००
या १० रू १००̇

‘या’ म्हणजे यावत्तावत्, अर्थात अज्ञात राशी, आणि ‘रू’ म्हणजे रूप, अर्थात ज्ञात संख्या. बरोबरीचे चिन्ह नाही, दोन्ही पक्ष एकाखाली एक लिहिले की समीकरण झाले. उत्तर १०० येते. शंभरावरचे टिंब पोथीची नक्कल करणाऱ्याच्या हातून सुटले, तर त्याच मांडणीतून ५० येते आणि चूक कोठे झाली हे सहजी लक्षातही येत नाही. (मोबाइलवर हे टिंब उमटवणे हाही एक व्यापच आहे.)

प्रतिसाद : उदाहरण पटले. तथापि अशा प्रत्येक खुणेची नोंद करत गेलो, तर ‘व’ म्हणजे वर्ग, ‘घ’ म्हणजे घन आणि ‘क’ म्हणजे करणी (जिचे वर्गमूळ पूर्ण निघत नाही अशी संख्या) यांनाही पान द्यावे लागेल. त्याचे काय करावे?

प्रतिसाद : म्हणूनच एकट्या टिंबाची नोंद मीही करणार नाही. ‘भारतीय बीजगणितातील संकेतलेखन’ अशी एकच सविस्तर नोंद करावी, आणि ‘ऊर्ध्वबिंदू’ शोधणाऱ्याला तेथे पोचवावे. एखाद्याने एकदाच योजलेली आणि पुढे कोणी न उचललेली खूण असती, तर तळटीपही पुरली असती. पण ही लेखनपद्धती ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनी नियम म्हणून सांगितली आणि टीकाकारांनी, म्हणजे ग्रंथावर भाष्य लिहिणाऱ्यांनी, पुढे चालवली. कृष्ण दैवज्ञांच्या टीकेसह ‘बीजगणित’ आपल्याच पुण्यात आनंदाश्रमाने छापलेले आहे. नोंद लिहिणाऱ्याने निदान ती प्रत समोर ठेवावी. शिवाय बख्शाली हस्तलिखितात (पेशावरजवळ सापडलेल्या गणिताच्या जुन्या पोथीत) ऋण संख्येपुढे आजच्या अधिक चिन्हासारखी फुली येते आणि टिंब शून्यासाठी वापरलेले दिसते. सबब ‘टिंब म्हणजे ऋण’ असे सरसकट वाक्य नोंदीत येऊ देऊ नये. कोणत्या ग्रंथात, हे प्रत्येक वेळी लिहावे.