मदत हवी आहे : आठवणी गेल्या तरी माणूस तोच राहतो का?

सप्रेम नमस्कार. आम्ही इंदूरला राहतो. माझ्या आईला दोन वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. ती मला आपला थोरला भाऊ समजून ‘दादा’ अशी हाक मारते; पण पोह्यांची बशी पुढे आली, की चिमटीने जिरावण (पोह्यांवर घालायचा इंदुरी मसाला) भुरभुरवते आणि ते कमी पडल्याची तक्रार अगदी जुन्याच सुरात करते.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने मानवी आकलनावरील आपल्या निबंधग्रंथाच्या १६९४ च्या आवृत्तीत व्यक्तीचे ‘तेच’ असणे जाणिवेच्या सातत्यावर बसवले. स्कॉटिश तत्त्वज्ञ थॉमस रीडने १७८५ मध्ये त्यावर हरकत घेतली, ती अशी, की वृद्ध सेनापतीला तरुणपणचा पराक्रम आठवतो, त्या तरुणाला शाळेत खाल्लेला मार आठवत होता, पण सेनापतीला तो मार आठवत नाही. तेव्हा लॉकच्या हिशेबाने सेनापती तो मुलगा ठरतोही आणि ठरत नाहीही. हरकत मला पटते. शरीर तेच म्हणून व्यक्ती तीच, हे उत्तर मात्र फार स्वस्त वाटते.

आईच्या त्या चिमटीला आणि सुराला स्वत्वाचा भाग मानावे, की निव्वळ हाताची सवय? सवयींना ‘मी’पणात स्थान देणारी मांडणी कोणी केली असल्यास, आणि ती मराठीतून वाचता येत असल्यास, जाणकारांनी कृपया कळवावे.